अवर्षणप्रवण गावातील वृक्षलागवड : निवड आणि निगा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात ही सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर राहते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि घाट उतरून पूर्वेकडे जाणारे वारे उत्तरोत्तर कोरडे होत जातात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, कर्जत, जामखेड, आष्टी, पाटोदा, भूम, परांडा या तालुक्यांचा पट्टा पर्जन्यछायेचा म्हणून ओळखला जातो तो यामुळेच. या पट्ट्यात पावसाचे एकंदर प्रमाण कमी असते, आणि तो पडतोही अनिश्चितपणे. मृगाच्या चार सरी पडून जातात, पुढे आषाढ-श्रावणात आभाळ नुसतेच भरून राहते आणि वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा बहुधा उत्तरा व हस्त नक्षत्रांत पदरी पडतो. मे महिन्यात उघड्या साठ्यातील पाणी दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास उडून जाते. झाड लावताना हा सारा हिशेब लक्षात घेणे अगत्याचे असते.

वृक्षारोपणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९५० मध्ये देशात वनमहोत्सव सुरू झाला. १९८२ पासून राज्यात सामाजिक वनीकरणाचे काम स्वतंत्र यंत्रणेमार्फत होऊ लागले. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत तर दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी असे चढते संकल्प राज्याने केले. अशा मोहिमांनी लोकांमध्ये झाडांविषयी आस्था निर्माण केली, हे निर्विवाद आहे. परंतु दुष्काळी तालुक्यातील एखाद्या शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत उभे राहिले, तर एक दृश्य वारंवार नजरेस पडते. गेल्या वर्षीचा खड्डा, त्यात वाळलेली काठी आणि त्याच खड्ड्यात यंदा लावलेले नवे रोप. झाडे बहुधा मे महिन्यात मरतात. त्यांची नोंद मात्र जूनमध्ये होते. तोवर नवी रोपे येऊन दाखल झालेली असतात आणि जुनी का गेली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

याची कारणे शोधू गेल्यास शेळ्या, वाळवी, दुर्लक्ष अशी अनेक निघतात. परंतु पहिली चूक त्याच्याही आधी, निवड करतानाच झालेली असते. जुलैत हिरवेगार दिसेल असे झाड निवडले जाते. तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, जेव्हा गावाला टँकरने पाणी येत असेल, तेव्हा त्या झाडाला काय मिळणार आहे, हे पाहिले जात नाही. अवर्षणप्रवण गावाने झाड पसंत करण्यापूर्वी हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. वरून पाणी घातल्यावाचून तिसरा उन्हाळा जे झाड निभावू शकणार नाही, ते कितीही देखणे असले तरी त्या गावाचे नव्हे.

गावच्या शिवारातील यादी

असे झाड कोणते, हे जाणण्यासाठी कोणतीही पुस्तके चाळावी लागत नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी शिवारातून एक फेरी मारावी. बांधावर, ओढ्याच्या काठी, गायरानात, देवळामागे जी झाडे कोणी पाणी न घालता उभी आहेत त्यांची नोंद करावी आणि कोणते झाड कोणत्या मातीत उभे आहे तेही टिपून घ्यावे. शाळेतील मुलांना हे काम दिल्यास ते अधिक बारकाईने होते, असा अनुभव आहे. महाराष्ट्रातील गावांच्या नावांतही अशी यादी दडलेली आहे. हिवरे, बाभुळगाव, बोरगाव, चिंचोली, निमगाव, करंजी, पिंपळगाव, वडगाव, भोकर, पांगरी ही नावे ज्यांनी ठेवली त्यांच्यासमोर ती झाडे उभी होती. गुलमोहराच्या नावाचे जुने गाव मात्र शोधून सापडणार नाही.

या यादीत कडुनिंबाला बहुतेक ठिकाणी पहिला मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. भर चैत्रात, ऊन वाढत असतानाच, कडुनिंबाला नवी पालवी फुटते. ज्या महिन्यांत सावलीची गरज सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत त्याची सावली दाट असते. मुरमाड, चुनखडीयुक्त व हलक्या जमिनीत तो चांगला वाढतो. पाणी साचून राहणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मात्र तो खुरटतो. कडुनिंब सर्वत्र चालतो असे समजून सरसकट लावण्याची पद्धत म्हणूनच हितावह नाही. शिवाय सर्व आवारात एकच जात लावण्यात जोखीमही असते. तेलंगणात २०२१ मध्ये कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसून आला होता. दहा झाडे लावावयाची असतील तर ती निदान चार जातींची असावीत.

भारी काळ्या जमिनीत बाभळीचा विचार करावा. उन्हाळ्यात या जमिनीला पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यात तिच्यात साचणारे पाणी या दोहोंना बाभूळ पुरून उरते. काट्यांमुळे शाळेच्या आवारात तिला स्थान नको हे खरे, पण गायरानाच्या कडेला व ओढ्याकाठी तिच्यासारखे झाड नाही. शेंगा शेळ्यामेंढ्यांना मिळतात, लाकूड औतांना व जळणाला उपयोगी पडते. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर लेंड्यांतून पडलेले बाभळीचे बी चांगले उगवते, हे धनगरांना व शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. तिचाच भाऊबंद असलेला हिवर आणखी कमी पावसात तग धरतो.

करंजाची सावली गार आणि पाने तुकतुकीत असतात. जनावरेही त्याला फारसे तोंड लावीत नाहीत. तथापि करंज हा मूळचा ओढ्याकाठचा वृक्ष आहे. त्याला आवाराच्या सखल कडेला, छपराचे किंवा नळाकोंडाळ्याचे पाणी ज्या बाजूला वाहत जाते तेथे जागा द्यावी. उंचावरच्या खडकाळ जागेसाठी आपटा, बोर, सीताफळ ही झाडे घ्यावीत. सीताफळाच्या पानांना शेळी तोंड लावीत नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे. आपट्याचे झाड बेताच्या उंचीचे राहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली ते निर्धास्तपणे लावता येते. दसऱ्याला त्याची पाने सोने म्हणून लुटली जातात, मात्र आपट्याचे झाड लावण्याचा मुहूर्त कोणी काढीत नाही. शमी म्हणजे सौंदड हाही याच सणाचा वृक्ष, आणि कोरड्या प्रदेशातील टिकाऊपणात त्याची बरोबरी करणारी झाडे थोडीच आहेत.

खानदेश व मराठवाड्याच्या उघड्या टेकड्यांवर आढळणाऱ्या अंजन वृक्षाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण कोरड्या मुलखातील झाड कसे जगते हे त्याच्यावरून उत्तम समजते. अंजनाचे रोप पहिली काही वर्षे जमिनीवर जवळजवळ वाढतच नाही. वीतभर रोप तसेच उभे असलेले पाहून लावणारा निराश होतो. प्रत्यक्षात त्या काळात त्याचे सोटमूळ खडकाच्या फटींतून खोल खोल जात असते. ओल गाठल्यानंतरच ते वर मान काढते. अशा झाडाचे रोप पिशवीत वर्षभर ठेवले तर सोटमूळ तळाशी वेटोळे घालते आणि त्याचे सारे बळच हरपते. म्हणून अंजनाचे बी थेट जागेवर टोकणेच श्रेयस्कर. पहिल्या दोन वर्षांतील उंचीवरून लागवडीचे यश मोजण्याची प्रथा अशा झाडांवर अन्याय करते, हे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावयास हवे.

चिंच, वड, पिंपळ हे मोठे वृक्ष. त्यांना जागा मोठी लागते आणि इमारतीपासून व विहिरीपासून ते दूर असावे लागतात. वड-पिंपळाची मुळे भिंतीत शिरली म्हणजे काय होते ते जुन्या वाड्यांवरून दिसतेच. बाजारतळावर, एसटीच्या थांब्यापाशी किंवा यात्रेच्या माळावर मात्र एक वड गावाच्या पाच पिढ्यांना पुरतो. वडाची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्यात रोवली तरी ती मूळ धरते. बहाव्याचा उल्लेख शोभेसाठी करावयास हवा. एप्रिल-मेमध्ये तो पिवळ्या झुंबरांनी लगडतो. शोभेसाठी परदेशी झाडच हवे असे मानणाऱ्यांनी तो एकदा फुललेला पाहावा.

कुंपणासाठी मेंदी, अडुळसा, निर्गुडी आणि सागरगोटा उपयुक्त आहेत. अडुळशाला व निर्गुडीला जनावरे सहसा खात नाहीत. माळावर आपोआप वाढणारा तरवड हाही कुंपणाकडेला लावण्याजोगा आहे; पिवळ्या फुलांनी तो बराच काळ बहरलेला असतो आणि पाण्याची मागणी करीत नाही. रोपवाटिकेत तो क्वचितच मिळतो, तेव्हा शेंगा स्वतः गोळा कराव्यात. शाळेच्या कुंपणाला मात्र मोगली एरंड, पिवळी कण्हेर व शेर कटाक्षाने टाळावेत. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना राज्यात अनेकदा घडल्या आहेत. कण्हेरीची बी विषारी आहे आणि शेराचा चीक डोळ्यांस घातक असतो.

जी झाडे नाकारावीत

गुलमोहराला नकार देणे अनेकांना जिवावर येते. मादागास्करहून आलेले हे झाड लवकर वाढते आणि उन्हाळ्यात लाल फुलांनी झाकले जाते. परंतु फुलोरा येण्यापूर्वी, मार्च-एप्रिलच्या उन्हात, ते निष्पर्ण असते. त्याची मुळे उथळ, फांद्या ठिसूळ. वळिवाच्या वादळात शाळेच्या पत्र्यावर पडलेल्या फांद्या बहुधा त्याच्याच असतात. आवारात एखादा गुलमोहर असण्यास हरकत नाही. रांगच्या रांग लावणे मात्र योग्य नव्हे.

गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी असेही म्हणतात, ते शेळ्या खात नाहीत आणि फांदी रोवताच जगते, म्हणून सर्वत्र लावले गेले. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी त्याचे मोल आहेच. परंतु उन्हाळ्यापूर्वी पाने गाळणारे हे झाड सावलीसाठी निरुपयोगी ठरते. विलायती म्हणजे वेडी बाभूळ तर लावावी लागत नाही. ती येऊन बसली की काढणे हेच काम होऊन बसते. अलीकडे शहरांच्या दुभाजकांवरून गावांत आलेले कोनोकार्पस हे बारमाही हिरवे झाड पाहून अनेक ग्रामपंचायतींना मोह पडतो. गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

हिरवळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. कार्यालयापुढे हिरवळ असली म्हणजे आवार प्रशस्त दिसते, हे मान्य करूनही पाण्याचा हिशेब करावाच लागतो. शंभर चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला केवळ पाच मिलिमीटर पाणी धरले तरी ते पाचशे लिटर होते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दरडोई दररोज पंचावन्न लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले आहे. म्हणजे ही लहानशी हिरवळ नऊ माणसांचे पाणी पिते. ज्या गावात स्त्रिया हंडे घेऊन टँकरच्या वाटेवर उभ्या असतात, तेथे पंचायतीच्या कार्यालयापुढची हिरवळ पाहून त्यांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. त्या जागी मारवेलसारखे स्थानिक गवत वाढू द्यावे. पावसात ते हिरवे होईल, माघात पिवळे पडेल. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना करणे उचित ठरेल. उघडा माळ दिसला की तो पडीक समजून त्यावर झाडे लावण्याची घाई होते. वास्तविक पर्जन्यछायेतील कित्येक माळराने ही मूळचीच गवताळ राने आहेत. सोलापूरजवळील नान्नज येथे माळढोकासाठी, तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे, ते या गवताच्या आणि विरळ झुडपांच्या आधाराने. मेंढपाळांचेही पोट त्यावर अवलंबून असते. अशा माळावर खड्डे घेण्याऐवजी कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांना काही काळ चराईपासून राखून संरक्षण द्यावे. झाडांसाठी गावठाण, शाळा, दवाखाना, रस्त्यांच्या कडा, स्मशानभूमी आणि ओढ्यांचे काठ पुरेसे आहेत.

जागा, खड्डा आणि मुहूर्त

झाड कोठे लावावे, हे बहुधा रांग सरळ दिसावी एवढ्याच विचाराने ठरते. उष्ण प्रदेशात इमारत तापते ती दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने. सावली देणारे वृक्ष म्हणूनच शाळेच्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूस, भिंतीपासून सहा ते आठ मीटर अंतरावर असावेत. पाच कडुनिंब योग्य जागी वाढले तर वर्गातील दुपार सुसह्य होते. तेच पाच उत्तरेच्या कुंपणाला लावले तर वर्गाला त्यांचा काहीच उपयोग नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यावेत, म्हणजे माती उन्हात तापून निघते. साधारण जमिनीत पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. मुरमाड जागी तो साठ सेंटिमीटरचा असावा. वरच्या थराची माती वेगळी ठेवावी व भरताना ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांशी घालावी. कच्चे शेण घातल्यास वाळवीला आमंत्रण मिळते. खड्डा घेतल्यावर त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे असेल तर तळाशी खडक किंवा घट्ट थर आहे असे समजावे आणि पहारीने तो फोडावा, अथवा जागा बदलावी. हे न केल्यास ते रोप जणू कुंडीतच लावल्यासारखे होते.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. पुरुषभर उंच, लवचिक आणि पिशवीतून मुळे बाहेर आलेल्या रोपापेक्षा दोन-तीन फुटांचे जाड बुंध्याचे रोप अधिक खात्रीने जगते. समारंभाच्या छायाचित्रात ते तितकेसे उठून दिसत नाही, एवढाच त्याचा दोष. लावताना पिशवी एका बाजूने चिरून काढावी. तळाशी वेटोळे घातलेली मुळे छाटून टाकावीत आणि पिशवीतील मातीची पातळी जमिनीच्या पातळीशी जुळेल असे रोप बसवावे.

मुहूर्ताच्या बाबतीत दिनदर्शिकेपेक्षा जमिनीवर विश्वास ठेवणे इष्ट. मृगाच्या पहिल्या सरीवर लावलेले रोप पुढील महिनाभराच्या उघडिपीत सुकून जाते, हा या पट्ट्यातील नेहमीचा अनुभव आहे. माती वीतभर खोल ओली झाली आहे का, ते काठी खुपसून पाहावे. आर्द्रा-पुनर्वसूत अशी ओल मिळाली तर लागवड करावी. न मिळाल्यास रोपे सावलीत राखून ठेवावीत आणि उत्तरा नक्षत्राच्या पावसाची वाट पाहावी. ठराविक दिवशी कार्यक्रम होणे आवश्यकच असेल तर त्या दिवशी पाच रोपे लावावीत व उरलेली ओल आल्यावर.

पाण्याचा हिशेब

रोपाला हाताने घालावयाच्या पाण्याची चर्चा पुष्कळ होते; आभाळातून पडणाऱ्या पाण्याची मात्र फारशी होत नाही. रोपाभोवती तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी जागा त्याच्याकडे उतरती केली आणि उताराच्या खालच्या बाजूस अर्धचंद्राकृती बांध घातला, तर पाचशे मिलिमीटर पावसात त्या नऊ चौरस मीटरांवर साडेचार हजार लिटर पाणी पडते. निम्मे मुरले तरी सव्वादोन हजार लिटर झाले. याउलट दर दहा दिवसांनी पंधरा लिटरप्रमाणे नोव्हेंबर ते जूनच्या प्रारंभापर्यंत बावीस वेळा पाणी दिले, तर एका रोपाला मिळतात तीनशे तीस लिटर. बांध घालण्याचे काम एका दिवसाचे आहे. पाणी वाहण्याचे काम मात्र सात महिने चालते. गायरानाच्या उतारावर हेच काम सलग समतल चरांनी साधते.

तरीही पहिली दोन वर्षे हाताने पाणी द्यावेच लागते. ते रोज तांब्याभर देण्यात उपयोग नाही, अपाय आहे. वरची माती तेवढी भिजते, मुळे वरच राहतात आणि एक आठवडा खंड पडताच झाड मान टाकते. पहिल्या वर्षी आठ-दहा दिवसांनी, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याने व तिसऱ्या वर्षी गरजेपुरते महिन्याने, परंतु प्रत्येक वेळी भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळांना खाली जाण्याची सवय लागते. रोपापासून हातभर अंतरावर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवण्याची पद्धत उत्तम आहे. पाणी झिरपत राहते व वाया जात नाही. आळ्यात वाळला पाला किंवा उसाचे पाचट घालावे. ते नसल्यास चपटे दगड रचावेत. दगडाखाली ओल टिकते, हे मुलांना दगड उचलून दाखविता येते.

हे पाणी आणावयाचे कोठून? शंभर मुलांच्या शाळेत पोषण आहारानंतर हात धुण्यास व ताटे विसळण्यास मुलामागे दोन लिटर धरले तरी दिवसाला दोनशे लिटर पाणी गटारात जाते. ते एका टाक्यात वळविल्यास रोज तेरा रोपांना पंधरा लिटरप्रमाणे पाणी मिळते आणि चार दिवसांत पन्नास रोपांचा फेरा पूर्ण होतो. यासाठी टँकरच्या थेंबालाही हात लावावा लागत नाही. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षभरात पडणारे पन्नास हजार लिटर पाणी साठविण्याची टाकी बांधणे प्रत्येक गावाला शक्य होणार नाही. पण पन्हळीचा उतार करंजाच्या रांगेकडे वळविणे कोणालाही शक्य आहे.

सर्वांत मोठी अडचण येते ती शाळेच्या सुटीत. मेच्या आरंभी शाळा बंद होते आणि जूनच्या मध्यास उघडते. मुले नाहीत, आहार नाही, ताटे नाहीत आणि म्हणून पाणीही नाही. नेमके हेच सहा आठवडे वर्षातील सर्वांत कडक उन्हाचे. वर्षभर जिवापाड जपलेली रोपे या काळात जातात आणि त्यात शिक्षकांचा दोष नसतो. कारण सुटीतील झाडांची जबाबदारी कोणाच्याच नावे लिहिलेली नसते. ग्रामपंचायतीने एप्रिलच्या मासिक सभेतच सुटीच्या काळासाठी माणूस नेमून द्यावा, त्याची मजुरी ठरवावी व पाणी कोणत्या विहिरीतून घ्यावयाचे तेही नोंदवून ठेवावे. रोजगार हमीतून लागवड केली असल्यास आराखडा करतानाच खड्ड्यांबरोबर पुढील संगोपनाची मजुरीही मांडावी. ज्या घराच्या दारासमोर झाड आहे त्या घराकडे ते सोपविणे हा उपाय जुना असला तरी तोच अधिक परिणामकारक ठरलेला आहे.

शेळ्यांपासून रक्षणासाठी लोखंडी जाळ्या महाग पडतात आणि पुष्कळदा त्या झाडाच्या आधी नाहीशा होतात. बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण फुकट मिळते व तीन वर्षे पुरते. दर पावसाळ्यानंतर ते नवे करावे लागते इतकेच. हिवरे बाजार व राळेगणसिद्धी या गावांनी चराईबंदीचा निर्णय ग्रामसभेत घेतला आणि पाळला. ज्या गावात शेळी हे भूमिहीन कुटुंबाचे एकमेव भांडवल आहे, तेथे असा निर्णय घेण्यापूर्वी त्या कुटुंबांना ग्रामसभेत बोलावून चाऱ्यासाठी कोणता तुकडा मोकळा राहील हे ठरवून घेतले पाहिजे. अन्यथा ठराव कागदावर राहतो आणि शेळी आवारात येते.

राहता राहिला रोपांचा प्रश्न. अनेक गावांत रोपे जूनमध्ये मागितली जातात आणि रोपवाटिकेत जी शिल्लक असतील ती स्वीकारली जातात. गुलमोहर आणि गिरिपुष्प गावोगाव दिसतात याचे हेही एक कारण आहे. कडुनिंबाची निंबोळी जून-जुलैत पिकते आणि तिची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत क्षीण होते. म्हणजे पुढील वर्षी लावण्यायोग्य रोप हवे असेल तर निंबोळी याच वर्षी पेरली गेली पाहिजे. शिवारफेरीत तयार केलेली यादी घेऊन ग्रामपंचायतीने आपली मागणी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेकडे एक वर्ष आधी, जातवार आकड्यांसह नोंदवावी. आपटा, हिवर, सौंदड, तरवड यांचे बी गावातच गोळा करून रोपवाटिकेला पुरविता येते, किंवा शाळेच्या आवारात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरता येते. बाभूळ व बहावा यांचे बी कठीण कवचाचे असते. बाभळीचे बी पेरण्यापूर्वी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवावे, तर बहाव्याच्या बीचे कवच एका बाजूने दगडावर घासून मग ते भिजवावे. माघ-फाल्गुनात पेरलेली ही रोपे पहिल्या पावसाळ्यात लहान दिसली तर ती आणखी एक वर्ष जपावीत आणि मगच खड्ड्यात उतरवावीत.